एक डाव ताटात, एक डाव मैदानात

शाळेतला आहार आणि शाळेतला खेळ या विषयावर आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे: योजना आहे, परिपत्रक आहे, वेळापत्रकात तास आहे, पण मुलापर्यंत काही पोचत नाही. म्हणून उत्तरं देताना कागदावर काय आहे यापेक्षा पोटात किती गेलं आणि अंगाला किती मिनिटं घाम आला, हेच मोजलं आहे.

आमच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते पाचवीची ६० आणि सहावी ते आठवीची ४० मुलं जेवतात. रोज खिचडी उरते, तरी मोठी मुलं ‘पोट भरलं नाही’ म्हणतात. हे कसं?
— शिक्षिका, सांगोला तालुका

सगळ्यांना एकाच डावाने वाढलं जातं, म्हणून. पहिलीतल्या मुलाच्या ताटात आठवीच्या मुलाएवढा डाव पडतो. त्याला तो संपत नाही आणि आठवीच्या मुलाला पुरत नाही.

आधी हिशेब पाहू. मध्यान्ह भोजन योजनेचं नाव २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण झालं. तिच्या मापानुसार पहिली ते पाचवीच्या प्रत्येक मुलामागे १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल लागतं. सहावी ते आठवीला १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. ही सगळी मापं कच्च्या मालाची आहेत. तुमच्या शंभर मुलांना रोज १२ किलो तांदूळ, २ किलो ४०० ग्रॅम डाळ, ६ किलो भाजी आणि ६०० ग्रॅम तेल लागेल. हे चार आकडे स्वयंपाकघराच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पण रोजचं माप पटावरून काढू नका. परिपाठ झाला की त्या दिवशीची हजेरी स्वयंपाकीताईंना सांगा आणि तिच्यावरून धान्य काढा.

डाळीचं माप चुकलं तर सर्वांत जास्त नुकसान होतं. लहान मुलाच्या ताटात १२ ग्रॅम प्रथिनं यायला हवीत. त्यातली सात-साडेसात तांदळातून येतात आणि साधारण पावणेपाच डाळीतून. डाळ निम्मी पडली तरी खिचडी पिवळीच दिसते, पोटही भरतं आणि कुणाला काही कळत नाही. म्हणून डाळ अंदाजाने कधीच घालू नये, काट्यावर तोलूनच घालावी. काटा नसेल तर किराणा दुकानात एकदा तोलून एखाद्या डब्यावर खूण करून आणा.

आता उरण्याबद्दल. पाच दिवस दोन आकडे वेगवेगळे लिहा: पातेल्यात किती उरलं आणि ताटातून किती टाकलं. पातेल्यात उरत असेल तर माप पटावरून घेतलं जातंय. ताटातून टाकलं जात असेल तर चव, वेळ किंवा डाव चुकतोय. १०० ग्रॅम तांदळाची डाळ-भाजीसह खिचडी शिजून चारशे ग्रॅमच्या आसपास होते. सहा वर्षांच्या मुलाला ती एका बैठकीत जात नाही. त्याला आधी अर्धं वाढा, पाच मिनिटांनी पुन्हा विचारा. दुसऱ्यांदा मागायला मुलं लाजतात, म्हणून वाढणाऱ्याने पंक्तीतून फिरावं. लहानांसाठी आणि मोठ्यांसाठी दोन वेगळे डाव ठेवा. एवढ्याने बरीच नासाडी थांबते.

भाजी टाकली जाते ती फोडी मोठ्या असल्यामुळे. दुधी आणि लाल भोपळा किसून घाला. पालक किंवा मेथी बारीक चिरून शेवटच्या पाच मिनिटांत घाला. बटाटा ही भाजी धरून सहा किलोचा आकडा पुरा करू नका. वजन भरतं, पण भाजीतून जे मिळायला हवं ते मिळत नाही. विहिरीचं किंवा बोअरचं पाणी जड असेल तर डाळ शिजायला वेळ लागतो. ती अर्धा तास भिजवा, आणि टोमॅटो-चिंच डाळ मऊ झाल्यावरच घाला, कारण आंबटपणाने डाळ दडस राहते.

आणखी एक. मधल्या सुट्टीत खेळ आधी आणि जेवण नंतर करून पाहा. जेवण आधी असलं की मुलांचं चित्त मैदानात असतं, चार घास गिळून ती पळतात. आधी पंधरा मिनिटं खेळली, मग हात धुऊन बसली, तर भूक लागलेली असते आणि घाई नसते. हात धुण्याचे नळ कमी असतील तर वर्गवार सोडा.

शाळेच्या तांदळात पाण्यावर तरंगणारे, जरा वेगळ्याच पांढऱ्या रंगाचे दाणे सापडतात. गावात ‘प्लास्टिकचा तांदूळ’ म्हणून चर्चा आहे. मुलांना खाऊ द्यायचा का?
— शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, नांदगाव तालुका

खाऊ द्यायचा, आणि ते दाणे वेचून टाकायचे नाहीत. तो पोषणयुक्त तांदूळ आहे. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक आम्ल आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळून, ते यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे काढतात. असा एक किलो दाणा शंभर किलो साध्या तांदळात मिसळतात. त्याची घडण वेगळी, म्हणून तो तरंगतो आणि रंगातही वेगळा दिसतो.

खात्री करायची असेल तर पाच-सहा दाणे वेगळे शिजवा. ते भातासारखे मऊ होतील आणि बोटांनी चिरडले जातील. जाळून पाहिले तर करपलेल्या भाताचा वास येतो. प्लास्टिक वितळतं आणि त्याची तार निघते. हा प्रयोग पालकसभेत सगळ्यांसमोर करा. नुसत्या सांगण्याने अफवा थांबत नाही.

नुकसान होतं ते धुण्यात आणि वेचण्यात. बारा किलो तांदळात हे दाणे जेमतेम १२० ग्रॅम असतात. स्वयंपाकीताईंनी ‘खराब दाणे’ समजून ते सुपात पाखडून टाकले, की शंभर मुलांच्या वाट्याचं वरचं लोह तिथेच संपलं. तांदूळ दोनदाच धुवा, चोळू नका, वर आलेले दाणे पाण्याबरोबर ओतून देऊ नका. भात वेळून पेज फेकण्याची पद्धत असेल तर ती बंद करा. पाणी मोजून घाला आणि त्यातच आटवा. एखाद्या मुलाला थॅलेसेमिया असेल किंवा वारंवार रक्त द्यावं लागत असेल, तर त्याच्या आहाराबद्दल त्याच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

मुलगी तिसरीत आहे. डबा रोज अर्धा परत येतो. पोळी-भाजी नको, नूडल्स हवेत, असा हट्ट आहे. काय करू?
— पालक, ठाणे

आधी हे विचारा की डबा खायला तिला नेमकी किती मिनिटं मिळतात. वीस मिनिटांच्या सुट्टीतली सात-आठ मिनिटं रांग, हात धुणं आणि डबा उघडणं यात जातात. आठ वर्षांच्या मुलीला पोळीचा तुकडा तोडून भाजी उचलून खायला वेळ लागतो. नूडल्स चमच्याने पटकन जातात. हट्टामागे पुष्कळदा एवढंच असतं.

म्हणून डबा हाताने, न सांडता, दहा मिनिटांत खाता येईल असा करा. पोळी गरम असताना डब्यात भरली की वाफ धरते आणि ती चिवट-ओली होते. दहा मिनिटं जाळीवर निवू द्या, मग भरा. सुकी भाजी आत घालून गुंडाळी करा आणि तिचे तीन तुकडे करा. भाजीऐवजी अंड्याची भुर्जी, कुस्करलेलं पनीर किंवा परतलेली मटकीची उसळ चालते. मुगाच्या डाळीचं धिरडं सर्वांत सोपं: ४० ग्रॅम डाळ रात्री भिजवा, सकाळी आलं-जिरं घालून वाटा, त्यात किसलेलं गाजर किंवा चिरलेला पालक घालून दोन धिरडी काढा. या दोन धिरड्यांतून नऊ-दहा ग्रॅम प्रथिनं मिळतात. भाजणीचं थालीपीठही उत्तम, फक्त पातळ थापा, जाड थालीपीठ गार झाल्यावर कडक होतं. फळ द्यायचं तर केळं, पेरूच्या फोडी किंवा सोललेलं संत्रं द्या. सफरचंद चिरून दिलं तर काळं पडतं आणि मुलं ते टाकतात. चिरलेल्या फोडींना लिंबू चोळलं तर रंग टिकतो.

एक चूक जवळपास सगळीकडे दिसते. आठवड्याच्या डब्याच्या तक्त्यात सोमवार ते शुक्रवार पोळी-भाजी, उसळ वगैरे असतं आणि शनिवारी ‘आवडीचा खाऊ’ म्हणून चिप्स-नूडल्स. या एका ओळीने मूल शिकतं की चांगलं अन्न ही शिक्षा आणि पुडीतलं अन्न हे बक्षीस. शनिवारी साबुदाणा खिचडी, डोसा, घरचे दडपे पोहे असं काहीही ठेवा, पण तो दिवस पुडीचा नको. आणि रात्री मुलीला दोन पर्याय द्या: ‘उद्या धिरडं की थालीपीठ?’ निवडलेला डबा संपण्याची शक्यता जास्त. परत आलेल्या डब्यावरून मात्र रागावू नका. रागावलं की मुलं उरलेलं शाळेतच टाकून रिकामा डबा घरी आणतात, आणि मग तुम्हाला काहीच कळत नाही.

शाळेच्या फाटकाबाहेर वडापाव, रंगीत गोळा आणि शीतपेयांच्या गाड्या आहेत. त्यांना हटवण्याचा आम्हाला अधिकार आहे का?
— मुख्याध्यापक, नाशिक

नियम स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या विनियमांनुसार जास्त चरबी, मीठ किंवा साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत, त्यांची जाहिरातही करता येत नाही. महाराष्ट्र सरकारने त्याआधीच, मे २०१७ मध्ये, शाळांच्या उपाहारगृहांतून असे पदार्थ बंद करण्याचा निर्णय काढला होता. गाडी हटवणं हे मात्र महापालिकेचं किंवा नगरपालिकेचं आणि अन्न व औषध प्रशासनाचं काम. शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

पण फक्त गाडी हटली तर ती एकावन्नाव्या मीटरवर उभी राहते आणि मुलं तिथे जातात. शाळा सुटताना मुलांना खरोखर भूक लागलेली असते, ती नाहीशी होत नाही. त्यामुळे आधी त्या विक्रेत्यांशी बसून बोला, त्यांचंही पोट त्यावर आहे. उकडलेले चणे, शेंगा, भाजलेलं कणीस, पेरू, काकडी, हंगामात बोरं आणि चिंचा यांवर गाडी चालते, फक्त पहिले पंधरा दिवस मुलांना सवय नसते. त्या पंधरा दिवसांत शाळेने पालकांना सांगून थोडी हमी दिली तर विक्रेता टिकतो. फळं झाकलेली आणि पाणी स्वच्छ असणं ही अट मात्र ठेवा. वडा तळणारा ऐकत नसेल, तर निदान तेलाकडे पाहा: ते काळपट झालं, घट्ट झालं, मंद आचेवरही धूर किंवा फेस येऊ लागला, की ते टाकायच्या लायकीचं झालेलं असतं. तळणीच्या तेलात खराब घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते वापरायला कायद्याने बंदी आहे.

शाळेचं स्वतःचं उपाहारगृह असेल तर दर हा सर्वांत मोठा लगाम आहे. उसळ-पाव वड्यापेक्षा महाग असेल तर कोणताही फलक उपयोगाचा नाही. एका पदार्थावरचा नफा दुसऱ्यावर वळवा, म्हणजे उसळ, इडली, पोहे, उपमा स्वस्त राहतील. मोड आलेली मटकी उपाहारगृहात आंबते ती घाईमुळे: आठ-दहा तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, सुती कापडात सैल बांधा, दर पाच-सहा तासांनी धुवा. पावसाळ्यात गाठोडं घट्ट बांधलं की बारा तासांत वास येतो आणि मटकी चिकट होते. तशी ती शिजवूनही वापरू नये.

शीतपेयांबद्दल मुलांना समजावायचं असेल तर साखर तोलून दाखवा. कोला प्रकारच्या पेयात १०० मिलिलिटरमागे दहा-साडेदहा ग्रॅम साखर असते, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच चमच्यांहून जास्त. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलाने वरून घातलेली साखर १९ ग्रॅमच्या आत ठेवावी, जागतिक आरोग्य संघटनेच्या पाच टक्क्यांच्या शिफारशीतून हाच आकडा येतो. एका बाटलीत दिवसाचं माप ओलांडलं. २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने (सीबीएसई) आपल्या शाळांना ‘शुगर बोर्ड’, म्हणजे खाण्यापिण्यातली साखर दाखवणारे फलक, लावायला सांगितले. राज्य मंडळाच्या शाळेनेही ते करायला हरकत नाही, फक्त छापील तक्ता नको. काचेच्या बरणीत खरी साखर भरून ठेवा आणि शेजारी रिकामी बाटली ठेवा.

वर्गात ५० मुलं, ३५ मिनिटांचा तास, २० बाय १२ मीटरचं सिमेंटचं अंगण आणि एक चेंडू. यात शारीरिक शिक्षण कसं घ्यायचं?
— क्रीडाशिक्षक, पुणे

तुमची अडचण जागेची कमी आणि रांगेची जास्त आहे. पन्नास मुलं एका रांगेत उभी राहून एकेक चेंडू फेकत असतील, तर पस्तीस मिनिटांत एका मुलाच्या वाट्याला मिनिटभरही हालचाल येत नाही. खो-खोसारखा उत्तम खेळही इथे कमी पडतो: पाठलागाच्या संघातले आठ जण बसलेले, एक पळणारा, समोर तीन बचाव करणारे, म्हणजे एका वेळी चारच मुलं धावतात. खो-खो संघासाठी ठेवा, तासासाठी वेगळी रचना करा.

अंगणाच्या कडेने सहा ठिकाणं आखा आणि प्रत्येक ठिकाणी आठ मुलं ठेवा. उरलेली दोन मुलं रोज वेगळी निवडा, ती वेळ सांगतील आणि साहित्य मांडतील. पहिल्या ठिकाणी दोरीवरच्या उड्या. दोरीच्या मधोमध पाय ठेवून टोकं वर ओढली की काखेपर्यंत यावीत, लांब दोरी पायात अडकते. दुसऱ्या ठिकाणी आठ मीटरची लंगडी, जाताना उजवा पाय आणि येताना डावा. तिसऱ्यावर भिंतीवर चेंडू मारून झेलणं. एकच चेंडू असेल तर जुन्या मोज्यात चिंध्या भरून आणखी सात करता येतात, पण मोज्याचा चेंडू उसळत नाही, म्हणून तो जोडीने एकमेकांना फेका. चौथ्यावर दोन रेषांमधली धाव: सात मीटर अंतर, पलीकडे ठेवलेले लाकडी ठोकळे एकेक करून आणायचे. पाचव्यावर सतरंजीवर सूर्यनमस्कार, सावकाश आणि श्वास न रोखता. सहाव्यावर सर्वांत खालच्या पायरीवर चढ-उतार.

वेळ अशी बसते: मैदानात येऊन जागा घ्यायला ४ मिनिटं, अंग मोकळं करायला ५. मग प्रत्येक ठिकाणी ३ मिनिटं, म्हणजे १८. जागा बदलायला दर वेळी अर्धं मिनिट धरलं तर पाच बदलांना अडीच. शेवटी सावकाश चालणं ३, आणि पाणी पिऊन वर्गात जायला अडीच. बरोबर ३५. आता प्रत्येक मुलाला अठरा मिनिटं खरी हालचाल मिळते. सुरुवातीचे दोन आठवडे गोंधळ होईल आणि जागा बदलायला दोन-दोन मिनिटं लागतील. तेव्हा सहाऐवजी तीनच ठिकाणं घ्या, प्रत्येकी सोळा मुलं, आणि शिट्टी ऐकून थांबायची सवय आधी लावा.

आठवड्यातून एक तास लंगडीला द्या, पण पूर्ण मैदानाची नाही. त्याच अंगणात पाच बाय पाच मीटरचे सहा चौकोन बसतात: लांबीकडे तीन, रुंदीकडे दोन, मध्ये मीटरभर जागा सोडून. प्रत्येकात आठ मुलं, एक लंगडी घालणार, सात पळणार. चाळीस सेकंदांनी लंगडी घालणारा बदला. बाद झालेल्याने बाहेर बसायचं नाही, चौकोनाभोवती एक फेरी मारून परत आत यायचं. ‘बाद म्हणजे बस’ या नियमामुळे ज्याला व्यायामाची जास्त गरज आहे तेच मूल सर्वांत आधी बसतं.

रेषा चुन्याने आखू नका, कोरडा चुना डोळ्यांत गेला तर इजा होते. गेरू, खडू किंवा रांगोळी वापरा. सिमेंटवर उड्या मारताना बूट हवेत. ज्यांच्याकडे नाहीत त्यांना सतरंजीवरचं ठिकाण आणि चेंडूफेक जास्त वेळ द्या, आणि हे सर्वांसमोर न बोलता करा. पावसाळ्यात शेवाळ धरतं, ते ब्लीचिंग पावडर टाकून तारेच्या ब्रशने घासल्याशिवाय पळायला सोडू नका. मार्चपासून हा तास सकाळी पहिला किंवा दुसरा ठेवा. कुणाला चक्कर, मळमळ किंवा डोकेदुखी वाटली तर सावलीत झोपवा, अंग ओल्या फडक्याने पुसा, शुद्धीत असेल तर घोट-घोट पाणी द्या, आणि मूल असंबद्ध बोलू लागलं तर थेट दवाखाना. केरळातल्या शाळांनी २०१९ मध्ये पाणी पिण्यासाठी वेगळी घंटा सुरू केली. उन्हाळ्यात ती आपल्याकडेही हवी.

जोर पुरेसा आहे का, हे ओळखायला यंत्र नको. मूल बोलू शकतं पण गाणं म्हणू शकत नाही, तर मध्यम व्यायाम. चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो, तर जोमाचा. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं अशी हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस जोमाची हालचाल हवी, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. तुमच्या तासातून अठरा येतात. परिपाठातली आठ, मधल्या सुट्टीतली पंधरा आणि शाळेपर्यंतचं चालणं धरलं तर निम्म्याच्या पुढे गेलात. उरलेलं संध्याकाळच्या खेळातून यायला हवं.

परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला दिला जातो. पालक म्हणून काय म्हणावं?
— पालक, सोलापूर

शाळा व्यवस्थापन समितीत एकच मागणी करा: महिन्याअखेरीस प्रत्येक वर्गाचे पीटीचे ठरलेले आणि प्रत्यक्ष झालेले तास सूचना फलकावर लागावेत. शिवाय जून आणि जानेवारीत केंद्र सरकारच्या ‘खेलो इंडिया’ कार्यक्रमातली शारीरिक क्षमतेची चाचणी घ्यायला सांगा. नऊ वर्षांपुढच्या मुलांसाठी तिच्यात ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव-चाल, पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम आणि जोर असतात. तास गेल्याचा परिणाम ६०० मीटरच्या वेळेत दिसतो. हे आकडे पालकांना द्यावेत, पण मुलांची क्रमवारी लावू नये.

माध्यमिक शाळेत सोमवारी लोहाच्या निळ्या गोळ्या देतो. मुली मळमळ होते म्हणून फेकून देतात, आणि पाळीच्या दिवसांत खेळायलाही येत नाहीत.
— शिक्षिका, नंदुरबार जिल्हा

गोळी परिपाठाला, उपाशी पोटी दिली जाते का, ते पाहा. मळमळीचं सर्वांत नेहमीचं कारण हेच. सहावी ते बारावीच्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल असतं. ती डबा खाल्ल्यावर अर्ध्या तासाने, पाण्याबरोबर, तुमच्यासमोर घेऊ द्या. चहा किंवा दुधाबरोबर नको, दोन्हींमुळे लोह अंगी लागत नाही. शौचाला काळसर होईल हे पहिल्याच दिवशी सांगा. ते सांगितलं नाही की एक मुलगी घाबरते आणि सगळा वर्ग गोळी टाकू लागतो. जंताची अल्बेंडाझोलची गोळी वर्षातून दोनदा येते, ती चुकवू नका, कारण जंत असतील तर लोह वाया जातं. मुलगी फारच फिकट दिसत असेल, जिना चढताना धाप लागत असेल, तर आठवड्याच्या गोळीवर थांबू नका, रक्त तपासून घ्या. ही गोळी पंडुरोग होऊ नये म्हणून असते. झालेल्या पंडुरोगाचं औषध आणि मात्रा डॉक्टर ठरवतात.

बीट लाल असतं म्हणून रक्त वाढवतं, हा समज मुलींच्या मनात घट्ट बसलेला असतो. बिटात लोह फारसं नाही. मटकी, चवळी, पालेभाजी खावी आणि वर लिंबू पिळावं, लिंबातल्या क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. नाचणीची भाकरी चांगलीच, पण ती मुख्यतः कॅल्शियमसाठी: शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास.

पाळीत खेळल्याने अपाय होत नाही, हलक्या व्यायामाने पोटातलं दुखणं बऱ्याच जणींचं कमी होतं. मुली येत नाहीत त्याची कारणं मात्र वेगळी असतात: पांढरा गणवेश, कडी नसलेलं स्वच्छतागृह, पाणी नाही, वापरलेलं पॅड टाकायला झाकणाचा डबा नाही. खेळाच्या दिवशी गडद रंगाची ट्रॅकपँट चालू द्या, कडी बसवा, डबा ठेवा आणि कपाटात पॅडची पाकिटं ठेवून चावी बाईंकडे द्या. ज्या मुलीला खूप दुखतं तिला कारण न विचारता त्या दिवशी गुण लिहिण्याचं काम द्या.

मुलगा सातवीत आहे, वजन जास्त आहे. पीटीत त्याला चिडवतात. आता तो पोटात दुखतं म्हणून घरी राहतो.
— पालक, कोल्हापूर

सरांना भेटून तीन गोष्टी मागा. वजन-उंची सर्वांसमोर मोजू नये आणि मोठ्याने सांगू नये. मैदानाच्या फेऱ्या शिक्षा म्हणून देऊ नयेत. आणि संघ निवडायला दोन कप्तान उभे करू नयेत, हजेरी क्रमांकाने संघ पाडावेत, कारण शेवटी उरण्याची भीती कुठल्याही चिडवण्यापेक्षा जास्त खोल जाते. मुलाला चेंडूफेक, गोळाफेक, पोहणं, कबड्डीतली पकड अशा गोष्टी द्या, जिथे अंगातली ताकद उपयोगी पडते. जेवण तोडू नका, वाढीचं वय आहे. गोड पेयं आणि पुडीतलं खाणं थांबवा, घरातल्या सगळ्यांचं थांबवा, त्याच्या एकट्याचं नाही. मान किंवा काखेची त्वचा काळी-जाडसर दिसत असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

शाळेत परसबाग करायची आहे. शंभर मुलांना पुरेल एवढी भाजी निघेल का?
— शिक्षक, दापोली तालुका

रोजची सहा किलो भाजी दोन-तीन गुंठ्यांतून निघणार नाही, तसा उद्देश ठेवलात तर दुसऱ्या महिन्यात निराश व्हाल. बागेतून खिचडीत रोज पडेल असं लावा: दोन शेवगे, चार कढीपत्ते, दोन लिंबं, तीन-चार पपया. शेवगा मीटरभर उंचीवर छाटा, नाहीतर पाला हाताला येत नाही. छाटला की फांद्या फुटतात. मूठभर कोवळा पाला रोज शेवटच्या पाच मिनिटांत खिचडीत घाला, जास्त घातला तर कडवट लागतो. मेथी पंचवीस-तीस दिवसांत आणि पालक महिना-सव्वा महिन्यात निघतो. तो एकदम न पेरता दर आठवड्याला एक वाफा पेरा.

ताटं धुतलेलं पाणी साबणाचं आणि तेलकट असतं, ते पालेभाजीला नको, केळी आणि अळूकडे वळवा. हात धुण्याचं पाणी थोडं साबणाचं असलं तरी शेवग्याला चालतं. कोकणात पावसाळ्यात पालक कुजतो, म्हणून वाफे वीतभर उंच करा आणि त्या चार महिन्यांत भेंडी, पडवळ, दोडका मांडवावर घ्या. बाग मरते ती मे महिन्यात. सुट्टी लागण्याआधी पालेभाज्या काढून टाका, झाडांच्या बुंध्याशी चार बोटं जाड पालापाचोळा पसरा, प्रत्येक झाडाशेजारी बुडाला बारीक भोक पाडलेलं मडकं पुरा, आणि ते आठवड्यातून दोनदा भरण्यासाठी शाळेजवळ राहणाऱ्या पाच मुलांची नावं वार लावून फाटकावर चिकटवा.